पडद्यावरची गोळी आणि समोरचा माणूस

आपल्या निवासी विद्यालयाच्या पालकसभेत अलीकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. सुट्टीत घरी आलेला मुलगा तासन्‌तास मोबाइलवर माणसे मारण्याचे खेळ खेळत बसतो. उद्या हा मुलगा खरोखरच कोणावर हात उचलणार नाही कशावरून? हा प्रश्न विचारणारे पालक वणी, पांढरकवडा, घाटंजी, आर्णी, पुसद, उमरखेड अशा जिल्ह्याच्या सर्व भागांतून येतात. त्यांपैकी अनेकांनी कापसाच्या वा सोयाबीनच्या पैशातून, कधी उसनवारीने, मुलाला तो मोबाइल घेऊन दिलेला असतो. त्यांची चिंता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मात्र चिंता खरी असली म्हणून तिचे निदानही खरे असतेच असे नाही, आणि निदान चुकले की उपचारही चुकतो. ही स्मरणिका माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव अशा सर्वांच्या हाती जाणार आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार येथे थोडा सविस्तर मांडावा असे वाटते.

माझे मत आरंभीच सांगते. पडद्यावरच्या खेळातील गोळी मुलाला खुनी बनवते, असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही. परंतु त्याच मोबाइलच्या वाटेने खरी हिंसा गावात येऊ शकते, आणि आपल्या महाराष्ट्रात ती आलेलीही आहे. या दोहोंतील फरक ओळखण्याची कसोटी आपल्या धम्मात आहे. ती आपण वापरत नाही, एवढेच.

हे खेळ आपल्या खेड्यांत पोहोचले कसे, हे आधी पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट गरिबाच्या आवाक्यात आले. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, एकमेकांना टिपतात, आणि अखेर जो उरतो तो जिंकतो, असे त्याचे स्वरूप. ‘फ्री फायर’ हा त्याच जातीचा खेळ स्वस्तातल्या मोबाइलवरही चालत असल्याने खेड्यापाड्यांत पसरला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाइल हाच फळा झाला. ज्या झोपडीत पाठ्यपुस्तकाखेरीज छापील अक्षर नव्हते, तेथे अभ्यासासाठी म्हणून मोबाइल आला आणि त्याच्यासोबत खेळही आला. तो मुलाने चोरून आणलेला नाही. परिस्थितीने त्याच्या हातात ठेवलेला आहे.

या खेळांविरुद्धची तक्रारही तितकीच जुनी आहे. २०१९ साली मुंबईतील एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. हा खेळ हिंसेला आणि आक्रमकतेला उत्तेजन देतो, म्हणून त्यावर बंदी घालावी, अशी तिची मागणी होती. न्यायालयाने केंद्र सरकारच्या संबंधित मंत्रालयाला या खेळात लक्ष घालण्यास सांगितले. त्याच वर्षी गुजरातेत राजकोट पोलिसांनी बंदीहुकूम काढला आणि तो मोडून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. पण त्या आदेशातील कारण देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षा आणि नागरिकांच्या माहितीची गोपनीयता हे होते. हिंसा हे नव्हते. २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला. त्यात रक्ताचा रंग लालऐवजी हिरवा करण्यात आला. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. रक्त हिरवे केल्याने मुलांच्या मनातील हिंसा कमी झाली, असे कोणी म्हणू शकेल काय? आणि लाल होते तेव्हा ती वाढत होती, असे तरी म्हणता येईल काय?

संशोधक या प्रश्नावर अनेक दशके वाद घालत आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या प्रमुख संघटनेने २०१५ साली ठराव करून हिंसक खेळ आणि आक्रमक वर्तन यांत संबंध असल्याचे म्हटले होते. २०२० मध्ये त्याच संघटनेने फेरतपासणी केली. ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्याशी या खेळांचा लहानसा संबंध दिसतो. मात्र प्राणघातक हिंसेशी त्यांचे नाते जोडण्यास पुरेसा पुरावा नाही, असे तिने स्पष्ट केले. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४ आणि १५ वर्षांच्या हजाराहून किंचित अधिक ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल किती आक्रमक आहे हे त्यांनी पालकांना विचारले, आणि खेळ किती हिंसक आहे हे अधिकृत वर्गवारीवरून ठरवले. दोहोंत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली अल्पवयीनांना असे खेळ विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द केला, तेव्हाही पुराव्याचा हाच अपुरेपणा पुढे आला होता. वाद संपलेला नाही. तरीही दोन्ही बाजूंच्या मांडणीतून एवढे निष्पन्न होते की, खेळाने मूल काही वेळ चिडखोर होऊ शकेल. खून करण्यासाठी मात्र त्याला दुसरे बरेच काही लागते.

यावर कोणी लखनौच्या घटनेचे उदाहरण देईल. जून २०२२ मध्ये तेथील एका सोळा वर्षांच्या मुलाने आईवर गोळी झाडली. आई खेळू देत नव्हती म्हणून, असे पोलिसांच्या प्राथमिक माहितीच्या आधारे वृत्तपत्रांनी छापले. घटना सुन्न करणारी आहे. पण गोळी ज्या पिस्तुलातून सुटली ते पिस्तूल पडद्यावरचे नव्हते, घरातले होते. ते मुलाच्या हाती लागले कसे, हा प्रश्न मथळ्यांत दिसला नाही. खेळाचे नाव मात्र दिसले. कोट्यवधी मुले तोच खेळ खेळत असताना एकाच घरात असे का घडले, याचे उत्तर खेळाच्या नावात सापडणार नाही.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला येथे दुसरी एक बाब नोंदवावीशी वाटते. आपल्या विदर्भातील भंडारा जिल्ह्यात खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. त्या काळी त्या खेड्यात कोणाच्या हाती असला मोबाइल नव्हता, पबजीचा जन्मही झालेला नव्हता. २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाचा जीव गेला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांचे गीत रिंगटोन म्हणून वाजले एवढेच निमित्त झाले, असे त्या वेळी वृत्तपत्रांनी नोंदवले. या हिंसेचे शिक्षण कोणत्या खेळाने दिले? ते घरातल्या बोलण्यातून, पाणवठ्यावरच्या वागणुकीतून, शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. जो समाज आपल्या हिंसेचे खापर मुलांच्या खेळण्यावर फोडतो, तो स्वतःच्या शाळेची झडती टाळत असतो. म्हणूनच हा प्रश्न आपल्यासाठी केवळ मोबाइलचा नाही.

आता धम्माच्या कसोटीकडे वळू. आपल्या वसतिगृहात मुले रोज पंचशील ग्रहण करतात. त्यातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. हे शील केव्हा मोडते, याची चर्चा पाली अट्ठकथांत अत्यंत नेमकी आहे. पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात: समोर जिवंत प्राणी असणे, तो जिवंत आहे याची जाणीव असणे, त्याला मारण्याचे चित्त असणे, तसा प्रयत्न करणे आणि त्या प्रयत्नाने मृत्यू होणे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत जो भेद केला, त्याचा रोखही चित्ताकडेच आहे. या कसोटीवर पडद्यावरचे चित्र पाडणारा मुलगा पहिले शील मोडत नाही. समोर जीव नाही, आणि तो नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे.

तथागतांच्या काळीही मुलांच्या हाती लुटुपुटूची शस्त्रे होती. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात, श्रमणाने ज्यांपासून दूर राहावे अशा खेळांची यादी आहे. तीत आठ व दहा घरांच्या पटावरील खेळ आहेत, फासे आहेत, लांब काठीने आखूड काठी टोलवण्याचा खेळ, म्हणजे आपला विटीदांडू आहे, खेळण्यातला नांगर आहे, गाडी आहे आणि खेळण्यातले धनुष्यही आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, धनुष्य हे शस्त्र म्हणून वेगळे काढलेले नाही. ते गाडीच्या आणि नांगराच्या पंक्तीत ठेवले आहे. या साऱ्यांवरील आक्षेप एकच आहे: ही प्रमादाची, बेसावधपणाची ठिकाणे आहेत. नियम भिक्खूंसाठी आहे, लेकरांसाठी नाही. तरीही आक्षेप कशावर घ्यायचा, याचे मार्गदर्शन त्यात आहे.

मग खरी हिंसा मोबाइलमधून येते ती कोठून? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे रविवारचा बाजार भरला होता. भिक्षा मागण्यासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. आधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर अशा टोळ्यांच्या अफवा फिरत होत्या. त्या काळात देशभर पसरलेली एक चित्रफीत तर मुळात पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या जनजागृतीच्या चित्रफितीतून कापलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यास मर्यादा घातली. पाच माणसे मात्र परत आली नाहीत.

येथे कसोटी लावून पाहावी. खेळणाऱ्या मुलाला ठाऊक असते की समोर दिसते ते खोटे आहे. अफवा वाचणारा प्रौढ माणूस ती खरी मानतो. मुलाच्या गोळीपुढे चित्र असते. अफवेपुढे माणूस असतो. चित्त दूषित होते, प्रयत्न होतो आणि मृत्यूही होतो. पाचही अंगे भरतात. तरी आपण मुलाच्या हातातला खेळ हिसकावतो आणि त्याच वेळी आपल्या मोबाइलवर आलेला, कोणत्यातरी समाजाविषयी द्वेष पेरणारा संदेश न वाचताच पुढे ढकलतो. अफवेचे बळ आपल्या चळवळीला नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायल्यानंतर, आता अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवण्यात आली आणि परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या घेऊन जमाव चालून गेला. बाबासाहेबांनी आपल्या संतप्त अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून रोखले. आवई सांगणाऱ्यांच्या आणि तिला आवर घालणाऱ्याच्या वागण्यातला हा फरक प्रत्येक पिढीला शिकवावा लागतो.

खुद्द या खेळांतही एक जागा अशी आहे, जेथे समोर खरा माणूस असतो. ती म्हणजे माइक. हे खेळ गटाने खेळले जातात आणि खेळताना अनोळखी व्यक्तींशी बोलता येते. सुट्टीहून परतलेल्या मुलांशी बोलताना मला कळते, की तेथे आईबहिणीवरून शिव्या तर असतातच, पण आडनाव वा गाव कळताच जातीवरूनही शिव्या दिल्या जातात. एका मुलाने मला सांगितले की, त्याने आपले टोपणनाव बदलले, कारण आधीच्या नावात ‘भीम’ होता. पडद्यावर शंभर वेळा ‘मेल्याने’ त्या मुलाला काही झाले नव्हते. त्या एका शिवीने त्याला स्वतःचे नाव लपवायला लावले. पालकांनी मुलाला ‘काय खेळतोस?’ याबरोबरच ‘कोणाबरोबर खेळतोस आणि तो काय बोलतो?’ हेही विचारायला हवे.

याचा अर्थ खेळ निर्दोष आहेत असा नाही. प्रमादाचा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाच्या संपत्तीच्या नाशाची सहा दारे सांगितली आहेत: मद्यपान, अवेळी भटकणे, खेळतमाशांची चटक, जुगार, कुमित्र आणि आळस. मध्यरात्रीपर्यंत चाललेल्या या खेळांत यांतील किमान तीन दारे उघडी असतात. झोप जाते, डोळे जातात, वाचनाची सवय मोडते, खेळातली शस्त्रे आणि पोशाख विकत घेण्यासाठी बापाच्या खात्यातून पैसे जातात. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये अल्पवयीनांना केवळ शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी एक तास खेळण्याची मुभा ठेवली. तीही व्यसनाच्या कारणास्तव. भारताने २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. जुगाराचे दार निदान कायद्यात तरी बंद झाले. पहिल्या पिढीतून शिकणाऱ्या आपल्या मुलाला वेळ हेच भांडवल आहे. ज्याच्या आजोबांना शाळेच्या पायरीवर बसू दिले गेले नाही, त्याचे दहावीचे वर्ष एका बेटावर संपावे, ही हानी खुनाच्या कल्पित भीतीपेक्षा कितीतरी खरी आहे.

आणि हिंसा कोण शिकवतो, याचे उत्तर शोधताना शिक्षकाने अंगुलिमालाची कथा विसरू नये. त्याचे मूळ नाव अहिंसक होते. हुशार विद्यार्थी होता. मत्सरी सहाध्याय्यांनी गुरूचे कान भरले आणि गुरूने दक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली, असे अट्ठकथा सांगते. त्याला मारेकरी केले ते अफवेने आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला त्या मोठ्या माणसाच्या शब्दाने. त्याला थांबवले तेही शब्दानेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे यांस मनाई केली आहे. घरासाठी असे कलम शाळेत शिकवले जात नाही. मोबाइल सोडत नाही म्हणून पोराला पट्ट्याने मारणारा बाप, हिंसा वाईट असते हे त्याला पटवून देऊ शकणार नाही. वसतिगृहात मी ज्या मारामाऱ्या पाहिल्या, त्या नळावरच्या रांगेवरून, जेवणाच्या ताटावरून, कोणाच्या तरी आईविषयी काढलेल्या शब्दावरून झाल्या. जी मुले पटकन हात उचलतात, त्यांच्या घरी चौकशी केली असता मोबाइलपेक्षा दारूचा उल्लेख अधिक वेळा येतो.

तर मग करायचे काय? बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करून वागण्यास मोकळे ठेवते. वसतिगृहात मोबाइल नसावा, हा आपला नियम योग्य आहे आणि तो राहावा. पण त्याचे कारण मुलांना सांगताना ‘तुम्ही खुनी व्हाल’ असे सांगू नये. मुलांना ते खोटे आहे हे कळते, आणि एक गोष्ट खोटी निघाली की आपल्या बाकीच्या सांगण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो. वेळ, झोप आणि सावधपण यांचे कारण सांगावे. ते खरे आहे. घरी खेळायचे तर रात्री नऊनंतर नाही, माइक फक्त ओळखीच्या मित्रांसाठी, आणि पैसा एकही नाही, एवढ्या तीन गोष्टी पालकांनी मुलाशी बसून ठरवल्या तर त्या पाळल्या जाण्याची शक्यता अधिक आहे. तोच मोबाइल शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आणि स्पर्धा परीक्षेची व्याख्याने ऐकायलाही लागतो; तो फोडून टाकण्यात शहाणपण नाही.

विद्यालयात आठवड्यातून एकदा, सायंकाळच्या वंदनेनंतर, अर्धा तास एका कामासाठी द्यावा असे मी सुचवते. मोबाइलवर फिरणारा एखादा संदेश शिक्षकाने कागदावर उतरवून आणावा आणि मुलांनी तपासावा: हा कोणी लिहिला, केव्हा, कोणाविरुद्ध, पुरावा काय? ऐकले म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा थोर आहे म्हणून मानू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. त्याचा आजच्या काळातील अभ्यास तो हाच. इतिहासाच्या तासाला आम्ही साधनांची चिकित्सा शिकवतो, ती परीक्षेपुरती राहू नये.

उरतो प्रश्न सुट्टीचा, आणि तो एकटी शाळा सोडवू शकत नाही. दिवाळीत आणि उन्हाळ्यात मुले गावी जातात. पालक मजुरीला गेलेले असतात, दुपार रिकामी असते आणि हातात मोबाइल असतो. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, मुंबई येथे असतात आणि सुट्टीत गावी येतात. गावातले बुद्धविहार त्या दिवसांत दुपारी चार ते सात उघडे ठेवावे, तेथे शंभर पुस्तके, एक कॅरम, दोन बुद्धिबळाचे पट आणि बाहेरच्या अंगणात कबड्डीची आखलेली रेघ असावी, आणि आपण स्वतः तेथे बसावे. बुद्धिबळ हा मूळचा हत्ती, घोडे, रथ, पायदळ यांच्या लढाईचा खेळ आहे. त्याची भीती आज कोणी बाळगत नाही, कारण समोर ओळखीचा माणूस बसलेला असतो. या वर्षी दहा गावांनी जरी हे सुरू केले, तरी पुढच्या पालकसभेत आपल्याला त्या गावांच्या अनुभवावर बोलता येईल.